वितळलेल्या मेणखडूंची चित्रे

मेणखडू झिजत झिजत एवढा लहान होतो की तो बोटांच्या चिमटीत धरता येत नाही, आणि मग तो केरात जातो. वस्तुतः त्या तुकड्यातील रंग तिळमात्रही उणा झालेला नसतो. कांडी हे त्या रंगाला दिलेले सोयीचे रूप होय. उष्णता मिळताच ते मोडते आणि रंग वाहू लागतो. या वाहण्याचा चित्रासाठी उपयोग करून घेण्याची रीत मात्र मेणखडूपेक्षा फार जुनी आहे.

इजिप्तमधील फायूम या प्रदेशात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील व्यक्तिचित्रे मोठ्या संख्येने सापडली. मृताचा चेहरा लाकडी फळीवर रंगवून ती फळी ममीच्या वेष्टनात चेहऱ्याच्या जागी बसवीत. यांपैकी पुष्कळ चित्रांत मधमाश्यांच्या मेणात कालवलेले रंग वापरले आहेत. तेथील कोरड्या हवेचे साहाय्य होतेच. परंतु मेण ओल शोषून घेत नाही, हेही त्या चेहऱ्यांचा टवटवीतपणा टिकण्याचे एक कारण आहे. या पद्धतीच्या ग्रीक नावाचा अर्थच ‘आत जाळून बसविणे’ असा आहे. विसाव्या शतकात अमेरिकन चित्रकार जॅस्पर जॉन्स यांनी १९५४-५५ मध्ये आपल्या ‘फ्लॅग’ या चित्रासाठी मेणाचाच आश्रय घेतला. तैलरंग वाळण्यास दिवस लागतात; मेण थंड होताच घट्ट होते आणि कुंचल्याचा प्रत्येक फटकारा सुटा राहतो.

आजच्या नेहमीच्या मेणखडूत मधमाश्यांचे मेण नसते. त्यात खनिज तेलापासून मिळणारे पॅराफिन असते. आसामातील दिग्बोई येथे १९०१ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना या मेणासाठीही प्रसिद्ध आहे. साधारणतः पन्नास ते पासष्ट अंश सेल्सिअसच्या दरम्यान असे मेण वितळते. मात्र साखर पाण्यात विरघळते तसा रंग या मेणात विरघळत नाही. गढूळ पाण्यातील मातीप्रमाणे त्याचे कण नुसते तरंगत असतात. म्हणून निळा आणि पिवळा ओघळ एकमेकांना भिडले तरी बराच वेळ शेजारी शेजारी वाहतात, आणि केवळ कडेला हिरवी छटा उमटते. या चित्रांची सारी गंमत त्या कडेत आहे. हौसेने सगळे रंग ढवळले की पदरी पडतो तो मातकट तपकिरी रंग.

घरी चित्र करावयाचे झाल्यास जाड पुठ्ठा किंवा प्लायवूडची फळी घ्यावी. पातळ कागद उष्णतेने वाकतो आणि मेणाचा थर तडकतो. खडूंवरील कागद सोलून ते वरच्या कडेला ओळीने घट्ट गोंदाने चिकटवावेत व गोंद पूर्ण वाळू द्यावा. फळी किंचित तिरपी उभी करून केस वाळविण्याच्या यंत्राचा गरम झोत खडूंच्या टोकांवर धरावा. झोत मंद असावा, नाहीतर पातळ झालेले मेण चहूकडे उडते. प्रथम काहीच घडत नाही. मग टोके चकाकू लागतात आणि एकाएकी ओघळ सुटतात. यंत्र दूर केले की ओघळ थांबतो. चित्रकाराच्या हातात एवढेच नियंत्रण असते, आणि ते पुरेसे आहे. तेलखडू येथे निरुपयोगी ठरतात. त्यांतील तेलामुळे ते मऊ पडतात, पण असे सरळ ओघळत नाहीत.

कुंचल्याने रंगवावयाचे असल्यास मेण वाटीत वितळवावे लागते, आणि खरा धोका येथेच आहे. मेणाचे भांडे थेट आचेवर कधीही ठेवू नये. तापत गेलेले मेण उकळण्याची वाट पाहत नाही. सुमारे दोनशे अंशांच्या पुढे त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवल्यास हे संकट टळते, कारण उघड्या पातेल्यातील पाणी शंभर अंशांपलीकडे तापत नाही. पाणी आटणार नाही याकडे मात्र लक्ष हवे. मेण पेटलेच तर त्यावर पाणी टाकू नये. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण अंगावर उडते. आच बंद करून भांड्यावर झाकण सरकवावे. त्वचेवर मेण सांडल्यास ते ओरबाडून काढू नये, तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली धरावा. मुलांनी रंग निवडावेत, खडू मांडावेत. उष्णतेचे काम मोठ्यांनी करावे, खिडकी उघडी ठेवून.

उरलेले मेण मोरीत ओतू नये, नळीत गोठून ते ती बंद करते. ते कागदी पेल्यात थिजू द्यावे. पुढच्या वेळी त्याचाच रंग होतो. बिघडलेला ओघळही पुन्हा तापवून पुसता येतो, जलरंगात ही सवलत नाही. तयार चित्र उन्हाच्या भिंतीवर टांगू नये. वैशाखात बंद मोटारगाडीत राहिलेले असे चित्र घरी पोहोचेपर्यंत वेगळेच झालेले असते.