पहिला फोन कोणाला?

लेखमाला : युरोप आणि दहशतवाद – भाग ६

मागच्या भागात आपण व्हिएन्नाच्या हल्ल्यापाशी थांबलो होतो. २ नोव्हेंबर २०२० रोजी चार जणांचा जीव घेणारा तरुण त्याच वर्षी जुलैमध्ये काडतुसं विकत घ्यायला ब्रातिस्लाव्हात गेला होता. स्लोव्हाक पोलिसांनी ही खबर ऑस्ट्रियाला कळवलीही होती. माहिती सीमा ओलांडून वेळेत आली, पण तिच्यावर वेळेत काही झालं नाही.

आज त्याच्याही मागे जायचं आहे. काडतुसं नाहीत, कट नाही, पैशांची देवघेव नाही. एका मुलाचं वागणं तेवढं बदललं आहे. जुन्या मित्रांना तो टाळतो, बहिणीला कपड्यांवरून टोकतो, रात्र रात्र मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. हे पोलिसांच्या कोणत्याही यंत्रणेत नोंदलं जात नाही. दिसतं ते आईला, वर्गशिक्षकाला, फुटबॉलच्या प्रशिक्षकाला. त्यांनी ते कोणाला सांगायचं, आणि सांगितल्यावर त्या मुलाचं काय होणार? युरोपचं कट्टरताविरोधी धोरण गेली वीस वर्षं या दोन प्रश्नांशी झगडतं आहे.

शिक्षा एक, प्रतिबंध मात्र ज्याचा त्याचा

११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले आणि १९०हून अधिक माणसं मेली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांचा खून झाला. ७ जुलै २००५ला लंडनची भुयारी रेल्वे आणि एक बस लक्ष्य झाली. त्यात ५२ प्रवाशांचा बळी गेला. तोवर सगळा भर बाहेरून येणाऱ्यांवर होता. पण व्हॅन गॉग यांचा मारेकरी अ‍ॅमस्टरडॅममध्येच लहानाचा मोठा झालेला, आणि लंडनच्या चार हल्लेखोरांपैकी तिघांचा जन्म ब्रिटनमधला. विमानतळावरचा पहारा वाढवून हा धोका टळणार नव्हता.

२००५ संपता संपता, ब्रिटनकडे अध्यक्षपद असताना, युरोपीय महासंघाने दहशतवादविरोधी धोरण ठरवलं. प्रतिबंध, संरक्षण, पाठलाग आणि हल्ल्यानंतरचा प्रतिसाद असे त्याचे चार खांब. पहिल्या खांबासाठी, म्हणजे माथी भडकवणं आणि भरती रोखण्यासाठी, वेगळा दस्तऐवज झाला. तो पुढे २००८ आणि २०१४ मध्ये सुधारण्यात आला.

कागदावर चारही खांब सारख्याच उंचीचे दिसतात, पण करारातच एक मेख आहे. महासंघाच्या कार्यपद्धतीचा जो मूळ करार आहे, त्यातलं कलम ८३ सांगतं की दहशतवादासारख्या गंभीर गुन्ह्यांची व्याख्या आणि शिक्षा यांचे किमान नियम सर्वांसाठी एकत्र ठरवता येतील. लगेच पुढचं कलम ८४ गुन्हे रोखण्याबद्दल आहे, आणि तिथे महासंघाला फक्त प्रोत्साहन व मदत देण्याची मुभा आहे. सदस्य देशांचे कायदे एकसारखे करण्याला तिथे स्पष्ट मनाई आहे. शिवाय राष्ट्रीय सुरक्षा ही सर्वस्वी सदस्य देशाची जबाबदारी, हे दुसऱ्या एका करारात वेगळं लिहून ठेवलेलं आहे.

परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षेची बाजू भराभर एकसारखी होत गेली. २००२ मध्ये दहशतवादी गुन्ह्याची सामाईक व्याख्या आली, २००८ मध्ये चिथावणी, भरती आणि प्रशिक्षण हे गुन्हे ठरले, मार्च २०१७च्या निर्देशाने दहशतवादी हेतूने केलेला प्रवासही गुन्ह्यांच्या यादीत घातला. प्रतिबंधाच्या बाजूला मात्र परिषदा, अहवाल आणि अनुदानं एवढंच हाती राहिलं. खरं काम जिथे व्हायचं होतं ती जागा म्हणजे गाव, पालिका, शाळा.

ऑर्हुसचं टेबल

हे काम कसं दिसतं ते पाहायला डेन्मार्कच्या ऑर्हुस शहरात जायला हवं. शाळा, समाजकल्याण खातं आणि पोलीस यांनी एकत्र बसून वाट चुकू लागलेल्या मुलांबद्दल बोलायचं, ही पद्धत त्या देशात १९७०च्या दशकापासून आहे. चोऱ्यामाऱ्या आणि अमली पदार्थांसाठी मांडलेलं ते टेबल ऑर्हुसने २००७ नंतर कट्टरतेसाठी वापरायला घेतलं.

कोणी फोन केला की पूर्व जटलंड पोलिसांचा माणूस आणि पालिकेचा माणूस तो विषय एकत्र तपासतात. मुलाने दाढी वाढवली, नमाज सुरू केली, घरात वाद घातला, एवढंच असेल तर ती फाइल तिथेच बंद होते. धार्मिक होणं हा गुन्हा नाही. काळजीचं कारण दिसलं तर मुलाला एक मार्गदर्शक मिळतो. हा मार्गदर्शक त्याच्याशी धर्मावर वाद जिंकायला बसत नाही. सुटलेलं शिक्षण, न मिळणारी नोकरी, घराचा प्रश्न, वर्गात झालेला अपमान, असल्या गोष्टींपासून बोलणं सुरू होतं. यामागची मांडणी ऑर्हुस विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ प्रेबेन बेर्टेल्सेन यांची. त्यांच्या मते आपलं आयुष्य आपल्या हातात असावं ही ओढ प्रत्येकालाच असते. ती पुरी करण्याचे सरळ मार्ग बंद झाल्यासारखे वाटले, की भरती करणाऱ्याच्या बोलण्याला कान मिळतात.

या टेबलाचा पाया आहे डॅनिश न्यायप्रशासन कायद्याचं कलम ११५. गुन्हा टाळण्यासाठी शाळा, समाजकल्याण आणि पोलीस यांनी एखाद्याची खासगी माहिती एकमेकांना द्यायला ते परवानगी देतं. पण ही देवाणघेवाण गुन्ह्याच्या तपासासाठी करता येत नाही. फोन करणाऱ्या आईला देता येईल असा भरवसा इथून येतो.

२०१३पर्यंत ऑर्हुसमधून सुमारे ३० जण सीरियाच्या युद्धक्षेत्रात गेले होते. त्यांतल्या बहुतेकांचं एका विशिष्ट मशिदीत जाणं-येणं होतं. मशीद बंद करा, अशी ओरड राजकारण्यांनी केली. पोलीस आणि पालिकेने मात्र मशिदीच्या मंडळींना बोलावून समोरासमोर बैठका घेतल्या. परतणाऱ्यांवर गुन्हा सिद्ध होण्यासारखा असेल तर खटला, नसेल तर उपचार, शाळा आणि घर मिळवायला मदत, असं धोरण ठेवलं. २०१४ मध्ये शहरातून एकच जण गेला. हा निव्वळ त्या टेबलाचा गुण, असं एका शहराच्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. शिवाय ‘हे तर जिहादींचे लाड’ ही टीका डेन्मार्कमध्ये अखेरपर्यंत थांबली नाही.

आपल्याकडच्या वाचकांना याच वर्षातलं कल्याण आठवेल. मे २०१४ मध्ये तिथले चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि आयसिसच्या वाटेला लागले. घरच्यांनी पोलिसांत धाव घेतली ती मुलं गेल्यावर. त्याआधी मनात शंका आली असती, तरी ती बोलून दाखवायला त्यांच्यापाशी चौकीखेरीज कोणती जागा होती?

आई फोन का ठेवून देते

आता प्रतिबंध आणि पाठलाग हे दोन खांब एकमेकांवर कसे आदळतात ते पाहू. सप्टेंबर २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने परदेशी लढवय्यांचा प्रवास गुन्हा ठरवा, असं सर्व देशांना बजावलं. युरोपात त्यातूनच २०१७चा निर्देश आला. महासंघाच्या या क्षेत्रातल्या कायद्यांपासून अलिप्त असलेल्या डेन्मार्कनेही २०१६ मध्ये ठरावीक युद्धक्षेत्रात परवानगीशिवाय जाणं हा गुन्हा ठरवला. सुरक्षेच्या दृष्टीने याची गरज होती. १३ नोव्हेंबर २०१५ रोजी पॅरिसमध्ये १३० जणांना मारणाऱ्या टोळीत सीरियाहून परतलेले लोक होते.

पण आईच्या बाजूने पाहा. ‘माझ्या मुलाने तुर्कस्तानचं तिकीट काढलंय’ हे वाक्य आधी मदतीची हाक होतं. आता ते मुलाविरुद्धचा पुरावाही ठरू शकतं. भरती करणाऱ्याला हेच हवं असतं: घरातल्यांनी गप्प बसावं.

जर्मनीने यावर काढलेला तोडगा लक्षात घेण्यासारखा आहे. जानेवारी २०१२ मध्ये तिथे कट्टरताविषयक सल्ल्यासाठी हेल्पलाइन सुरू झाली, ती पोलिसांकडे न देता स्थलांतर व निर्वासितविषयक खात्याकडे. फोन करणाऱ्याला त्याच्या भागातल्या स्वयंसेवी संस्थेकडे पाठवलं जातं. बर्लिनची ‘हयात’ ही त्यांतली सुरुवातीची एक. जीविताला धोका दिसला तरच गोष्ट सुरक्षा यंत्रणेकडे जाते.

‘हयात’ची मुळं नवनाझींमधून बाहेर पडू पाहणाऱ्यांसाठी २०००मध्ये निघालेल्या ‘एक्झिट डॉइचलँड’च्या कामात आहेत. बेर्न्ड वाग्नर हे माजी पोलीस गुप्तहेर आणि इंगो हासेलबाख हे माजी नवनाझी, अशा जोडीने ती संस्था उभी केली. बव्हेरियातल्या वुन्झीडेल गावात हिटलरचा साथीदार रुडोल्फ हेस याची कबर होती. ती २०११ मध्ये हलवली, तरी नवनाझींचा मोर्चा दरवर्षी यायचाच. नोव्हेंबर २०१४ मध्ये गावकऱ्यांनी आणि या संस्थेने शक्कल लढवली. मोर्चातल्या चालीच्या दर मीटरमागे १० युरो देणगी, तीही एक्झिटलाच! रस्त्यावर अंतराच्या खुणा रंगवल्या, वाटेत केळी मांडली, शेवटी देणगी जमवून दिल्याबद्दल मोर्चेकऱ्यांचे आभार मानले. १०,००० युरो जमले. या थट्टेचा निरोप मोर्चातल्या डळमळीत मनाच्या पोरापर्यंतही पोचला: बाहेर पडायचं असेल तर फोन करायला एक नंबर आहे.

फोन खूप आले तर?

ब्रिटनने उलटी वाट धरली. २०१५च्या कायद्याने शिक्षक, डॉक्टर, पालिका यांच्यावर कट्टरता रोखण्याचं कर्तव्यच टाकलं. २०१५-१६ या एका वर्षात इंग्लंड आणि वेल्समधून ७,६०० हून अधिक नावं कळवली गेली. प्रत्यक्ष मदतीच्या कार्यक्रमात त्यांपैकी चारशेहून कमी घेतले गेले. मुस्लीम घरांत ‘वर्गात काय बोलायचं’ याची धास्ती बसली, आणि खऱ्या धोक्याची नावं ढिगात हरवण्याची भीतीही वाढली. जुलै २०२४ मध्ये साउथपोर्टला तीन लहान मुलींना मारणाऱ्या तरुणाचं नाव या यंत्रणेकडे आधी तीनदा आलं होतं. ठरावीक विचारसरणी दिसेना, म्हणून दर वेळी फाइल बंद झाली.

फ्रान्सने तर कट्टरता उतरवण्यासाठी थेट निवासी केंद्रच उघडलं. सप्टेंबर २०१६ मध्ये पोंतुर्नीच्या हवेलीत २५ जणांची सोय झाली: गणवेश, दर आठवड्याला झेंडावंदन, राष्ट्रगीत. एका वेळी नऊहून जास्त माणसं तिथे कधी राहिली नाहीत. फेब्रुवारी २०१७पर्यंत हवेली रिकामी पडली आणि जुलैत केंद्र बंद झालं. तिथे स्वेच्छेनेच जायचं होतं, आणि खरी गरज ज्यांना होती ते स्वतःहून येणारे नव्हते.

मग ब्रसेल्सने करायचं काय?

महासंघाने केलेलं सर्वांत उपयोगी काम फारसं कोणाच्या नजरेत भरलं नाही. सप्टेंबर २०११ मध्ये, नॉर्वेत ७७ जणांची हत्या झाल्यानंतर दोनच महिन्यांत, तेव्हाच्या गृहविषयक आयुक्त सेसिलिया माल्मस्ट्रॉम यांनी ‘रॅडिकलायझेशन अवेअरनेस नेटवर्क’ सुरू केलं. तुरुंगरक्षक, बीटवरचे पोलीस, शिक्षक, समुपदेशक आणि हल्ल्यांत माणसं गमावलेली कुटुंबं यांच्या वेगवेगळ्या गटांतून सहा हजारांहून अधिक लोक जोडले गेले. एका देशातल्या तुरुंगातला अनुभव दुसऱ्या देशातल्या तुरुंगात पोचवायचा, हे त्याचं काम. २०२४ मध्ये या जाळ्याची जागा नव्या ‘नॉलेज हब’ने घेतली. दरम्यान बेल्जियमने २०१८च्या कायद्याने ऑर्हुससारखं टेबल प्रत्येक पालिकेत मांडणं बंधनकारक केलं.

माझ्या मते पुढची पायरी यापेक्षा अवघड आहे. कलम ८४ मुळे एकच कायदा करता येणार नाही, हे खरं. पण अनुदान देताना अट घालता येते. ज्या प्रकल्पाला युरोपचा पैसा हवा, त्याने फोन करणाऱ्याला पहिल्याच मिनिटाला तीन गोष्टी सांगाव्यात: पलीकडे कोण बोलतं आहे, माहिती कोणापर्यंत जाईल, आणि कुठल्या परिस्थितीत ती पोलिसांकडे जाईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘कधीच नाही’ असं असू शकत नाही. ते खोटं ठरेल आणि पुढचा फोन येणार नाही. कडू असलं तरी खरं उत्तर आधी सांगितलं, तर निदान आई फोन चालू ठेवायचा की नाही हे ठरवू शकते. डेन्मार्कच्या कलम ११५ मधून उचलण्यासारखं आहे ते एवढंच, आणि त्यासाठी नवा करार लागत नाही.

पुढच्या भागात : दहशतवादी मजकूर एका तासात काढा, असं ७ जून २०२२ पासून युरोप कंपन्यांना सांगू शकतो. हा तास कोण मोजतं, आणि चुकून काढलेल्या मजकुराची दाद कुठे मागायची?