माळ्यावरून उतरलेला माल

नवरात्र संपलं की गिरगावातल्या या दुकानात खोके यायला लागतात. दिवाळीची आवराआवर सुरू झालेली असते. कुणीतरी स्टूल लावून माळ्यावर चढतं आणि पितळी घंगाळाच्या मागे वर्तमानपत्रात बांधलेल्या रेकॉर्ड हाताला लागतात. वाजवायला घरात काही नसतं. आजोबांचा 'फिएस्टा' रेकॉर्ड प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला. मग दुकानात फोन वाजतो, "काका, आमच्याकडे ऐंशी-नव्वद रेकॉर्ड आहेत. घ्याल का?"

काका नाही म्हणत नाहीत. निदान बघायला तरी जातात. जुन्या रेकॉर्डच्या दुकानाला घाऊक व्यापारी नसतो, मागणी नोंदवून माल येत नाही. जे आहे ते कुणाच्या तरी घरातून आलेलं. साफसफाई, वाटण्या, घरातल्या कर्त्या माणसाचं जाणं आणि गेली काही वर्षं चाळींचा पुनर्विकास, या चार वाटांनी इथली फळी भरते. चाळ रिकामी करायची नोटीस लागली की महिनाभरात चार-पाच घरांतून बोलावणं येतं. नव्या जागेत माळा नसतो.

दुकान दहा बाय बारा फुटांचं. तिन्ही भिंतींना फळ्या, त्यावर एलपी उभ्या लावलेल्या. आडव्या रचल्या तर खालच्या वाकतात. सगळ्यात खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, लाखेच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या. त्या जड आणि ठिसूळ, हातातून सुटली की संपली. मी पंधरा वर्षं इथे येतोय आणि मला सगळ्यात जास्त ओढ त्या खालच्या फळीचीच.

खोका उघडला की घर कळतं. दादर पारशी कॉलनीतून आलेल्या खोक्यात बेथोव्हन, मोझार्ट, आणि प्रत्येक रेकॉर्ड आतल्या पाकिटात नीट. वांद्र्याच्या ख्रिस्ती घरातून जिम रीव्हज आणि त्याच्या शेजारी गोव्याच्या ख्रिस पेरी-लोर्नाच्या कोंकणी ईपी. हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांतही गोव्याची किती माणसं होती! अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसोझा, चिक चॉकलेट. सिनेमाच्या एलपीच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक सगळे असतात, ही नावं बहुधा नसतात. या कोंकणी ईपीवर मात्र गोव्याचं नाव ठळक छापलेलं दिसतं, आणि ते वाचताना मला बरं वाटतं. गिरगाव-दादरच्या मराठी घरांतून नाट्यसंगीत, भावगीतं, पुलंचं कथाकथन, किशोरीताई, कुमार गंधर्व. कव्हरच्या कोपऱ्यात शाईनं लिहिलेलं असतं, 'लग्नात भेट', खाली तारीख. तो मजकूर काका कधी खोडत नाहीत.

रेकॉर्ड कशी पारखतात ते एकदा बघण्यासारखं आहे. काका ती दोन्ही तळव्यांत फक्त कडेनं धरतात आणि ट्यूबलाइटखाली तिरकी करतात. उजेड खाचांवरून घसरतो आणि प्रत्येक चरा उठून दिसतो. नखाला लागत नाही तो चरा चालतो, नखाला लागतो तो कानालाही लागणार. मग मधल्या भोकाभोवतीच्या लेबलवर बारीक रेघांचं जाळं आहे का पाहायचं. रोज घाईनं रेकॉर्ड लावणाऱ्या घरात यंत्राचा दांडा लेबलवर घासून त्या रेघा पडतात, म्हणजे रेकॉर्ड फार वाजलेली. शेवटी दर्जा ठरतो: मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड. जगभर हीच भाषा चालते आणि नवख्या गिऱ्हाइकानं एवढं ध्यानात ठेवावं, की 'गुड' लिहिलेली रेकॉर्ड चांगलीच खरखरते.

मुंबईच्या दमट हवेत खरा शत्रू बुरशी. पावसाळ्यानंतर आलेल्या एलपीवर पांढरे ठिपके असतातच, आणि कव्हरच्या कागदाला कसर लागलेली. धुण्याचं काम मागच्या मोरीत चालतं. लेबलला पाणी लागू न देता, थेंबभर साबण घातलेल्या शुद्ध पाण्यात, मऊ कुंचला खाचांच्या दिशेनं गोल फिरवत. हट्टी बुरशीला पाण्यात थोडं आयसोप्रोपाइल अल्कोहोल. पण हे फक्त व्हिनाइलला, कारण व्हिनाइल म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे माहीत नसताना मी घरी स्पिरिटच्या बोळ्यानं एक ७८ पुसली होती. हिराबाई बडोदेकरांची. काळी चकाकी बोळ्यावर उतरली आणि तबकडीवर राखाडी पट्टा राहिला. ती अजून माझ्याकडे आहे. तिचा आवाज गेला तो माझ्या हातानं.

लाखेच्या तबकडीबद्दल थोडं सांगायलाच हवं. कोलकात्यात गौहर जानचं गाणं मुद्रित झालं ते १९०२ मध्ये. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग यंत्र घेऊन आला होता. छपाई जर्मनीत हॅनोव्हरला व्हायची, आणि तिथल्या कामगारांना गाणारं कोण हे कळावं म्हणून गाण्याच्या शेवटी कलाकार आपलं नाव सांगत. गंमत अशी, की ज्या लाखेच्या तबकड्या करायच्या ती लाख प्रामुख्यानं हिंदुस्थानातूनच परदेशी जात होती. १९०८ मध्ये कोलकात्याला सियालदा इथे कारखाना निघाला, पुढे १९२८ मध्ये तो दमदमला गेला. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावत. त्यात ख्याल बसवायचा, म्हणजे आलापाचा पसारा टाकून रागाचा गाभाच ठेवायचा. अब्दुल करीम खाँसाहेब तेवढ्यात झिंझोटी उभा करत, हे ऐकल्याशिवाय पटत नाही.

मुंबईतही एक देशी कंपनी उभी राहिली होती, नॅशनल ग्रामोफोन. तिचं लेबल 'यंग इंडिया'. १९३५ पासून वीसेक वर्षं तिनं रेकॉर्ड काढल्या, त्यांत मराठी गाणारे कितीतरी. असलं लेबल दिसलं की काका आवाज देतात, "इकडे या, बसा आधी." मग जाड सुई लावतात. ७८ची खाच एलपीच्या खाचेपेक्षा कितीतरी रुंद असते. एलपीची सुई तिच्या तळाशी पडते आणि नुसती खरखर उचलते. सुई बदलली, की त्याच तबकडीतून गळा पुढे येतो.

माझी खरी तक्रार इथे आहे. गिऱ्हाईक येतं ते आरडी बर्मनसाठी, 'शोले'च्या संवादांच्या एलपीसाठी. त्यात गैर काही नाही. या विक्रीवर दुकानाचं भाडं निघतं. पण आरडीची गाणी कुठेही ऐकता येतात. खालच्या फळीवरच्या कित्येक नाट्यपदांची नंतर कॅसेटही निघाली नाही, सीडीही नाही. ती तबकडी फुटली की ते गाणं गेलं. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' स्थापन झाली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तबकड्यांच्या नोंदी केल्या, 'रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिक चालवलं. त्यांचं ऋण फार मोठं आहे. तरी घराघरांतला माळा कुणा एका संस्थेच्या हाताला लागणारा नाही. तिथे पहिला हात भंगारवाल्याचा पोचतो की रेकॉर्डवाल्याचा, यावर सगळं अवलंबून.

आज ज्याला कुणी विचारत नाही त्याचं उद्या काय होईल, हे सांगता येत नाही. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. एचएमव्हीनं एलपी काढली, ती फारशी कुणी घेतली नाही. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या एका छोट्या कंपनीनं ती पुन्हा छापली. अॅसिड हाउस हा पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा प्रकार जन्मायच्या आधीच कुणी तसं वाजवून ठेवलं होतं, म्हणून जग थक्क झालं. मूळ प्रत आता हजारोंत जाते. काकांनी ती पूर्वी इतर एलपींबरोबर ठोक भावात दिलेली. मी विचारलं, तेव्हा म्हणाले, "ज्यानं नेली त्यानं ऐकली असेल तर झालं."

आता तरुण मुलं येतात. परदेशातून १८० ग्रॅमच्या नव्या जाड एलपी मागवणारी, घरी नवा टर्नटेबल घेतलेली. काका त्यांना आधी सुईचं वजन कसं लावायचं ते शिकवतात, मग माल दाखवतात. विकत न घेता तासभर ऐकत बसलं तरी चालतं.

काउंटरमागे एका फळीवर गीतरामायणाचा संच आहे. सुधीर फडक्यांच्या आवाजातली सगळी छप्पन्न गाणी, दहा एलपी. गिरगावच्याच एका खोलीतून आला, त्यात सातवी नाही. गेल्या महिन्यात एक गृहस्थ म्हणाले, "मला त्यातल्या दोनच द्या, हवे तेवढे पैसे घ्या." काका म्हणाले, "संच मोडत नाही हो." गृहस्थ गेल्यावर त्यांनी नऊ एलपी पुन्हा क्रमानं लावल्या आणि सहावी-आठवीच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक चौकोन सरकवला. पुठ्ठ्यावर पेन्सिलनं सात लिहिलेलं होतं, आणि खाली, ज्या घरातून संच आला त्यांचा फोन नंबर.