कच्चं मडकं, कडक खाकी

तेरचा आहे म्हटलं की लोक दोनच गोष्टी विचारतात – म्युझियम आणि गोरोबाकाका. मी तिसरी सांगतो. पाच दिवसांची, भोपाळची!

कॉलेज उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला. पहाटेची एसटी, बॅगेत वह्या आणि त्यावर घडी न मोडता ठेवलेली एनसीसीची खाकी. परेड संपली की तसंच घामेजलेलं लेक्चरला. कशासाठी? तर तिसऱ्या वर्षाच्या ‘सी’ सर्टिफिकेटसाठी. त्यात किमान ‘बी’ ग्रेड मिळाली, की यूपीएससीची लेखी परीक्षा न देता एसएसबीसाठी अर्ज करता येतो. पास झालात, तर चेन्नईची ओटीए. आईनं तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं, ‘‘आमचा पोरगा साहेब होणार.’’

२०१८ साली कॉल आला. ‘ऑफिसरछाप’ उत्तरं पाठ करून मी भोपाळ गाठलं. तिथं तीस सेकंद एक धूसर चित्र दाखवलं आणि चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला लावली. पुढे साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद. निम्म्यातच पाठांतर संपलं, राव! ग्रुप टास्कमध्ये लीडर दिसायच्या नादात मी कुणाचंच ऐकलं नाही. शेवटच्या दिवशी निकाल वाचला. माझा नंबर नव्हता.

तेरला उतरलो, पण घरी जायची हिंमत होईना. तेरणेकाठी गोरोबाकाकांच्या देवळात जाऊन बसलो. शोधत अण्णा आले. काकांनी थापटणं घेऊन संतांची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांना कच्चं ठरवलं, ही गोष्ट आमच्याकडे शेंबडं पोरही सांगतं. अण्णा एवढंच म्हणाले, ‘‘कच्चं म्हणलंय ना? फुटकं नाही म्हणलं. नामदेव पण रुसले, पर मग विसोबांकडं शिकायला गेलेच की.’’

मी सीडीएस देऊन पुन्हा एसएसबीला गेलो. पुन्हा नाही झालं. पण या वेळी उत्तरं माझी होती आणि टास्कमध्ये मी दुसऱ्यांचं ऐकलंही. आज पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये तेच उपयोगी पडतंय.

परवा चुलत बहिणीचा फोन आला. तिला ‘सी’ सर्टिफिकेट मिळालंय. ‘‘दादा, काय पाठ करू?’’

म्हटलं, ‘‘काहीच नको. थापटणं मडक्याचा रंग बघत नाही गं, आवाज ऐकतं.’’