खाटेचा विमा, गोळीचा खर्च

पुण्या-पिंपरीतली नोकरी संपल्यावर मोकळ्या हवेच्या ओढीने तळेगाव दाभाड्यात घर केलेली मंडळी थोडीथोडकी नाहीत. त्यांतल्या सत्तरी ओलांडलेल्यांसाठी आता आयुष्मान वय वंदना कार्ड आहे. 29 ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची कोणतीही अट न घालता हे कार्ड मिळू लागले आणि कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार मोफत झाले. योजना चांगलीच आहे. गुडघ्याची किंवा हृदयाची शस्त्रक्रिया निघाली की तिचे मोल कळते. पण हेच कार्ड घेऊन मेडिकलमध्ये गेले, तर बीपीची एक गोळीही त्यावर मिळत नाही. रुग्णालयात दाखल होण्याआधीचे 3 दिवस, दाखल असतानाचा काळ आणि घरी सोडल्यानंतरचे 15 दिवस एवढ्यापुरतीच औषधे योजनेत बसतात. सोळाव्या दिवसापासून पुढची वर्षे खिशातून.

म्हातारपणाचा खर्च मात्र नेमका उलट्या बाजूने येतो. शस्त्रक्रिया आयुष्यात एकदा-दोनदा. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, थायरॉईड आणि रक्त पातळ करण्याच्या गोळ्या दर महिन्याला, मरेपर्यंत. पेन्शन तुटपुंजी असली की पहिली काटछाट इथेच होते, कारण बीपीची गोळी चार दिवस चुकली तरी काही दुखत नाही. त्या न दुखण्यातूनच पुढे पक्षाघात येतो, मूत्रपिंडे निकामी होतात, आणि मग सरकार लाखभराचे बिल बिनतक्रार भरते. गोळीला नकार देऊन खाटेला पैसे देणारा हा हिशेब वैद्यकशास्त्राला पटत नाही, तसा तिजोरीच्या शास्त्रालाही पटू नये. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्ये देशाच्या एकूण आरोग्यखर्चातला 39.4 टक्के वाटा लोकांनी स्वतःच्या खिशातून भरला.

रोजची औषधे विम्यात आणली तर योजना बुडेल, असा आक्षेप येतो. पण सरकार हे काम आधीपासून करतेच आहे, फक्त मोजक्या लोकांसाठी. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत निवृत्तांना ओपीडीची औषधे मिळतात. तळेगाव-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांत किमान पाच वर्षे कर्मचारी राज्य विम्याखाली (ईएसआय) राहून निवृत्त झालेला कामगार वर्षाला अवघे 120 रुपये भरून स्वतःचे आणि जोडीदाराचे उपचार चालू ठेवू शकतो. ही सवलत ठाऊक नसलेल्यांनी आपली जुनी कागदपत्रे जरूर शोधावीत. औषधे विम्याबाहेर ठेवण्याची चूक श्रीमंत अमेरिकेनेही केली होती. तिथला वृद्धांचा मेडिकेअर विमा 1965 च्या कायद्याने आला, औषधे त्यात आली 2006 साली, आणि रुग्णाच्या खिशातून जाणाऱ्या औषधखर्चाला वर्षाला 2,000 डॉलरची मर्यादा पडायला 2025 उजाडले. तेवढी वाट पाहण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही.

तोवर हाताशी आहेत ती जेनेरिक, म्हणजे ब्रँडऐवजी रसायनाच्या नावाने विकली जाणारी, औषधे स्वस्तात देणारी जनऔषधी केंद्रे. बाजारात एकच रसायन अनेक नावांनी विकले जाते आणि नावागणिक किंमत बदलते. अत्यावश्यक यादीतल्या औषधांना सरकार कमाल किंमत ठरवून देते खरे, पण 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार ती किमान एक टक्का खप असलेल्या ब्रँडांच्या सरासरीत दुकानदाराचे 16 टक्के मिळवून निघते. म्हणजे आधार बाजारभावाचाच, उत्पादनखर्चाचा नव्हे. म्हणून नुसत्या दरनियंत्रणावर विसंबून भागत नाही. जेनेरिक औषधांचा गुण येत नाही ही शंका मी हसण्यावारी नेणार नाही. निकृष्ट औषधे सापडतात. पण केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मासिक यादीत नामांकित कंपन्यांचे नमुनेही नापास झालेले दिसतात, आणि जनऔषधीचा माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासूनच केंद्रावर येतो. थायरॉईड, फिट्स आणि वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत. तिथे मात्रेतला किंचित फरकही महागात पडतो. डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच औषध लिहावे, हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नियम ऑगस्ट 2023 मध्ये आला आणि त्याच महिन्यात स्थगितही झाला. त्यामुळे तूर्त चिठ्ठीवर रसायनाचे नाव लिहून मागणे हे रुग्णाचेच काम उरले आहे.

दुसरी वाट सरकारी दवाखान्याची. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट सगळे मोफत आहे, आणि बीपी-शुगरच्या साध्या गोळ्या तिथे मिळणे अपेक्षित आहे. तळेगावहून कान्ह्याचे सरकारी रुग्णालय लोकलने दोन स्टेशनांवर. अडचण पुरवठ्याची. औषधखरेदी आधी हाफकिन महामंडळाकडे गेली, तिथे रखडली, म्हणून 2023 मध्ये वेगळे प्राधिकरण स्थापन झाले. तामिळनाडूने असे महामंडळ 1994 सालीच उभारले होते. गुडघे धरून दोन स्टेशने गेलेल्या माणसाला खिडकीवर ‘पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागले, की तो परतताना स्टेशनाजवळच्या मेडिकलमध्येच शिरतो आणि मिळेल त्या ब्रँडची पंधरा दिवसांऐवजी पाच दिवसांची गोळी घेतो.