सुटकेनंतरची वाट

ऑगस्ट महिन्याचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा 'कारागृह सेवा रविवार' म्हणून पाळते. त्या दिवशी आपण कैद्यांसाठी प्रार्थना करतो; सुटून आलेल्यांचे स्मरण मात्र क्वचितच होते. चांदा धर्मप्रांतात राहणाऱ्या आपणांस ते टाळता येणार नाही.

गडचिरोली जिल्ह्यात परतणारे दोन प्रकारचे आहेत. शस्त्र खाली ठेवणाऱ्या नक्षलवाद्यांसाठी राज्य शासनाने २००५ साली आत्मसमर्पण योजना सुरू केली. १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शरण आले, तेव्हा तिची देशभर चर्चा झाली. शिक्षा भोगून, जामिनावर अथवा निर्दोष ठरून बाहेर पडणाऱ्यांचे परतणे मात्र मुकाट असते. निर्दोष सुटलेल्यास गमावलेल्या वर्षांची भरपाई हक्काने देणारा कायदा आपल्या देशात नाही. विधी आयोगाने २०१८ साली तशी शिफारस केली, एवढेच.

नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहापासून भामरागड तीनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. एवढा प्रवास करून माणूस गावी पोहोचतो, तेव्हा शिधापत्रिकेवर नाव राहिलेले नसते, जातीचा दाखला हरवलेला असतो, शेत दुसराच कोणी कसत असतो. मोहफुले आणि तेंदूपत्ता यांचे हंगाम हुकले की वर्षाची रोकड गेली. शिवाय आपल्या भागात संशय दुहेरी असतो: पोलिसांना तो 'त्यांचा' वाटतो, तर 'त्यांना' तो पोलिसांचा वाटतो. गावकरी भीतीपोटी दार लावून घेतात. त्यांनाही सर्वस्वी दोष देववत नाही.

जामीन मंजूर होऊनही रकमेअभावी अनेकजण आत राहतात. अशांसाठी केंद्र शासनाने २०२३ साली योजना आणली. आरंभी तिची मर्यादा कच्च्या कैद्यासाठी ४० हजार, तर दंड न भरू शकणाऱ्या शिक्षाबंद्यासाठी २५ हजार रुपये होती. निर्णय जिल्हास्तरीय समिती घेते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकीलही विनामूल्य मिळतो. पण हे त्या कुटुंबाला सांगणार कोण?

संत पौलाने फिलेमोनास लिहिलेले पत्र आपण जाणतो. ओनेसिमसला बंधू म्हणून स्वीकारण्याची विनंती करून पौल थांबला नाही. त्याचे देणे आपल्या नावे मांडण्यास त्याने सांगितले. आपल्या भाषेत, तो जामीन राहिला. धर्मग्रामातील दोघा-तिघांनी प्राधिकरणाच्या कार्यालयात जाऊन अर्ज समजून घ्यावा, सुटणाऱ्याच्या घरच्यांना आधी भेटावे आणि सुटकेच्या दिवशी एस.टी.च्या भाड्यासह कारागृहाच्या दारी उभे राहावे. दाखल्यांसाठी तहसील कचेरीत नंतरही बरेच हेलपाटे घालावे लागतील.