ताप डोक्यात गेला

माझ्या धाकट्या मामांना स्किझोफ्रेनिया आहे. हा शब्द आमच्या घरात डॉक्टरांकडून आला. त्याआधी आजीचे एकच म्हणणे असे, "त्याला मोठा ताप आला होता, तो डोक्यात गेला." शेजारचे बाहेरची बाधा म्हणत. यंदा मानसशास्त्राच्या तासाला हा आजार शिकताना आजीचे वाक्य आठवले, आणि ते अगदीच खुळेपणाचे आहे काय, हे शोधायला मी ग्रंथालयात बसले.

हा आजार म्हणजे एका माणसात दोन माणसे, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. नसलेले आवाज ऐकू येणे, कोणीतरी आपल्या वाईटावर आहे असा पक्का संशय, विचारांचा धागा तुटणे, कशातच मन न लागणे, ही त्याची लक्षणे. बहुधा ऐन तारुण्यात ती दिसू लागतात.

ताप आणि मन यांचा संबंध डॉक्टरांनाही जुनाच सुचलेला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत अमेरिकेतील बोस्टन येथे कार्ल मेनिंगर या तरुण डॉक्टरने तापानंतर मन बिघडलेले रुग्ण पाहिले आणि १९१९ साली त्यांच्याविषयी लिहिले. काहींची लक्षणे स्किझोफ्रेनियासारखीच होती. पुढे त्यांतले बरेच जण सुधारले, हेही त्याने नोंदवले.

आता शरीरात काय घडते ते पाहू. पायात बाभळीचा काटा मोडला की तेथे सूज येते, लाली येते, ठणका लागतो. यालाच दाह म्हणतात. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंवर धावून जातात आणि इतरांना सावध करण्यासाठी काही द्रव्ये सोडतात. त्यांपैकी एक इंटरल्यूकिन-६. त्याची वर्दी यकृताला पोचली की यकृत सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे सी.आर.पी., भराभर तयार करते. हे प्रोटीन १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. सी.आर.पी. वाढले म्हणजे शरीरात कोठेतरी दाह आहे, एवढेच कळते. दूरवर धूर दिसला तर चूल पेटली की गंजी, हे धुरावरून कसे सांगणार?

स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांत ही दोन्ही द्रव्ये सरासरीने अधिक आढळतात. पण येथेच सावध राहायला हवे. बिडी-सिगारेटनेही ती वाढतात, लठ्ठपणानेही वाढतात. आणि या आजाराच्या काही औषधांनी वजन वाढते. मग आधी काय, दाह की आजार? इंग्लंडमध्ये ब्रिस्टल परिसरातील मुलांचे रक्त ती नऊ वर्षांची असताना तपासलेले होते. अठराव्या वर्षी त्यांची पुन्हा पाहणी झाली. ज्यांचे इंटरल्यूकिन-६ लहानपणी वरच्या तिसऱ्या हिश्श्यात होते, त्यांच्यात अशा मानसिक आजाराची शक्यता खालच्या हिश्श्यातील मुलांच्या दुपटीहून अधिक दिसली. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. मात्र वरच्या हिश्श्यातीलही बहुतेक मुले धडधाकटच राहिली, हे विसरून चालणार नाही.

मला सर्वांत नवलाची वाटली ती २०१६ सालची गोष्ट. सहाव्या गुणसूत्रावर प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचा एक पट्टा आहे. त्यातील सी-४ नावाच्या जनुकाचे काही प्रकार हा धोका थोडा वाढवतात, असे अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले. सी-४ चे प्रोटीन जंतूंवर खूण करते, मग पेशी त्यांना खाऊन टाकतात. मेंदूत तेच प्रोटीन चेतापेशींमधील नको असलेल्या जोडांवर खूण करते. वाढत्या वयात ही छाटणी आवश्यकच असते. द्राक्षबागेची छाटणी केल्यावाचून घड लागत नाहीत. पण कात्री जास्त चालली तर वेल दुबळा होतो. स्किझोफ्रेनियात अशीच जादा छाटणी होत असावी, असा तर्क आहे. आजार तरुणपणी का उमटतो, याचाही त्यातून थोडा उलगडा होतो.

मग दाह कमी करणारे औषध दिले तर? मिनोसायक्लिन या औषधाकडून मोठी आशा होती. ब्रिटनमध्ये नव्याने आजारी पडलेल्या दोनशेहून अधिक रुग्णांवर त्याची चाचणी झाली. २०१८ साली निकाल आला, उपयोग दिसला नाही. कदाचित सर्वच रुग्णांत दाहाचा वाटा सारखा नसेल.

गेल्या दिवाळीत मामांच्या रक्ताच्या रिपोर्टात सी.आर.पी. वाढलेले निघाले. मी उत्साहाने सर्वांना इंटरल्यूकिन समजावून सांगितले. डॉक्टरांनी मामांना तोंड उघडायला लावले. दाढेत पू झाला होता. दाढ काढली आणि पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. आवाज मात्र पूर्वीसारखेच होते.

आजीने विचारले, "मग रक्तात दिसत न्हाई का गं त्याचं दुखणं?"

"अजून न्हाई, आजी."

"आन् गोळ्या?"

"त्या चालू ठेवायच्या."

ती उठून मामांच्या गोळ्यांचा डबा घेऊन आली.