मुरमाच्या वाटा, द्राक्षांच्या टेकड्या आणि आपले पाणंद रस्ते



उसाचा प्रवास कारखान्याच्या गव्हाणीत संपतो हे आपण सारे जाणतो. पण तो सुरू कोठे होतो? फडातून निघालेल्या मोळ्यांची गाडी पहिल्यांदा डांबरी रस्त्याला लागत नाही. ती लागते बांधालगतच्या गाडीवाटेला, चारीच्या कडेच्या मुरमाच्या रस्त्याला, नाहीतर दोन शिवांमधल्या पाणंदीला. या रस्त्याला आपल्याकडे मान नाही. "आमच्या वस्तीला अजून डांबर आलं नाही," असे आपण खाली मान घालून सांगतो. याच जातीच्या रस्त्यांवर सायकल चालवायला लोक सातासमुद्रापलीकडून येतात असे कोणी म्हटले, तर आपल्याला थट्टा वाटेल. पण ती थट्टा नाही. ती हकिगत आम्ही येथे देत आहोत, आणि तीतून आपण काय घ्यावे तेही मांडणार आहोत.

मुरमावर चालणारी सायकल

शर्यतीची सायकल बारीक टायरची असते. खडीवर तिचा निभाव लागत नाही. डोंगरात चालवायची सायकल जाड आणि जड. सपाटीला ती माणसाला दमवते. या दोहोंच्या मधली एक सायकल गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुढे आली आहे. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, टायर साधारण दीड ते दोन इंच रुंद, आणि हवा जरा कमी भरलेली. तिला 'ग्रॅव्हल' सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे दुसरे काही नाही, आपली मुरूम-खडीच!

अमेरिकेत कान्सस राज्यातल्या एम्पोरिया गावी २००६ साली शेताशेतांतल्या कच्च्या रस्त्यांवरून दोनशे मैलांची शर्यत सुरू झाली. २०२२ साली या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा इटलीत भरली. पण आपल्या कामाची गोष्ट शर्यतीची नाही. ती इटलीतल्याच कियांती नावाच्या मुलखाची आणि तिथल्या रस्त्यांची आहे.

कियांतीचे पांढरे रस्ते

फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन जुन्या शहरांच्या मध्ये कियांतीच्या टेकड्या आहेत. उतारावर द्राक्षमळे, मधून मधून ऑलिव्हची झाडे, आणि माथ्यावर दगडी वाडे. येथल्या वाइनची हद्द तिथल्या राज्यकर्त्याने १७१६ साली फर्मान काढून ठरवून दिली होती, इतका हा धंदा जुना. जमीन मात्र कसणाऱ्याची नव्हती. आपल्याकडे अर्धेलीने जमीन लावतात, तशीच पद्धत तेथे शेकडो वर्षे चालली. जमीन मालकाची, घाम कुळाचा आणि पीक निम्मे-निम्मे. दुसऱ्या महायुद्धानंतर तरुण पोरे शहरातल्या कारखान्यांकडे गेली आणि वस्त्या ओस पडू लागल्या. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करारही बंद केले. मागे राहिले ते वस्त्यांना जोडणारे पांढऱ्या खडीचे रस्ते. त्यांचे नावही तेच, 'पांढरे रस्ते'.

एकेक करून या रस्त्यांवर डांबर पडू लागले. तेव्हा १९९७ साली गायोले या छोट्या गावात जानकार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थाने एक युक्ती काढली. जुन्या काळच्या सायकली घेऊन या, जुने कपडे घाला आणि या पांढऱ्या रस्त्यांवरून फेरी मारा, असे त्याने आवाहन केले. पहिल्या वर्षी ९२ जण आले. आज त्या फेरीला हजारोंनी लोक येतात. फेरीचा दोनशे किलोमीटरहून लांब मार्ग कायमच्या पाट्या लावून आखलेला आहे, त्यामुळे वर्षभर कोणीही त्यावरून जाऊ शकतो. २००७ पासून नामांकित सायकलपटूंची शर्यतही या मुलखातल्या पांढऱ्या रस्त्यांवरून जाते आणि सिएनाच्या जुन्या चौकात संपते.

यात शेतकऱ्याला काय मिळाले? रस्ता कच्चाच राहिला, पण गिऱ्हाईक शेताच्या दारात आले. ओस पडलेल्या शेतघरांत पाहुणे उतरू लागले. तेल, चीज, वाइन बांधावरच खपू लागली. एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. रस्ता कच्चा ठेवणे वेगळे आणि रस्ता वाऱ्यावर सोडणे वेगळे. तो रस्ता साऱ्या गावाची पुंजी आहे असे धरून ती मंडळी चालली, म्हणून तो टिकला.

प्रवरेच्या काठाने

असा मुलूख आपल्याकडे आहे का? जिल्ह्याचा नकाशा पुढे घ्या आणि प्रवरेच्या काठाने बोट फिरवा.

रतनगडाच्या कुशीत नदी उगम पावते. रतनवाडीला अमृतेश्वराचे कोरीव देऊळ आहे. खाली भंडारदऱ्याचे धरण. १९१० मध्ये काम सुरू होऊन १९२६ मध्ये ते पुरे झाले. पुढे अकोले, मग संगमनेर. संगमनेरच्या खाली ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा आणि उजवा पाट निघतो, आणि तेथून हिरवे रान सुरू होते. हे पाट आले म्हणून ऊस आला. ऊस आला म्हणून लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने १९५० साली सहकारी साखर कारखान्याची चिमणी पेटली. आपल्यासारख्या सभासदांच्या मालकीचे सगळे कारखाने त्या वाटेने पुढे गेले.

लोणीच्या पुढे कोल्हारची भगवती, मग बेलापूर, आणि त्याच्या पुढे श्रीरामपूर तालुक्यातच दायमाबाद. या दायमाबादला १९७४ साली एका गावकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाच्या चार मूर्ती सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा, आणि चौथी बैलजोडीची गाडी. जू आहे, चाके आहेत, गाडीवर उभा राहून बैल हाकणारा माणूस आहे. काळाबद्दल पंडितांचे एकमत नाही, पण पुष्कळ अभ्यासक ती साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. गाडी आली म्हणजे गाडीवाट आली! आपल्या खोऱ्यातली चाकोरी किती जुनी आहे, ते यावरून समजावे.

आणखी खाली नेवासे. येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वर माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या खांबाला टेकून सांगितली तो पैसाचा खांब आजही लोक कपाळ टेकून पाहतात. त्यानंतर टोक्याजवळ प्रवरासंगम, जेथे नदी गोदावरीला मिळते. उगमापासून संगमापर्यंत ही नदी सुमारे दोनशे किलोमीटर चालते. डोंगर, धरण, पाट, ऊस, काशाची गाडी आणि ज्ञानेश्वरी, एवढे सगळे एका नदीच्या काठी! कियांतीवाल्यांनी हेवा करावा असा हा ऐवज आहे.

त्यात अलीकडची एक भर पडली आहे. निळवंड्याच्या डाव्या कालव्याचे ८५ किलोमीटरचे जाळे ऑक्टोबर २०२३ मध्ये लोकार्पण झाले. आपल्या जिल्ह्यातले सहा आणि नाशिकमधला एक अशा सात तालुक्यांतल्या १८२ गावांसाठी हा प्रकल्प आहे. जिरायत भागाने पन्नास वर्षे ज्याची वाट पाहिली ते पाणी आले. कालव्याला सेवा रस्ता लागतोच, आणि तो बहुधा मुरमाचा असतो. मात्र तो पाटबंधारे खात्याच्या कामासाठी असतो. परवानगी न घेता त्यावरून फेऱ्या काढणे बरोबर नाही, आणि वाहत्या कालव्याच्या काठाला कठडा नसतो हेही विसरू नये.

द्राक्षांच्या टेकड्या

संगमनेर हे पुणे-नाशिक रस्त्यावरचे गाव. दक्षिणेला याच रस्त्यावर जुन्नर तालुक्यातले नारायणगाव लागते. तेथे १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्राने फसफसणारी वाइन तयार होऊ लागली. उत्तरेला सिन्नर ओलांडले की नाशिक. तेथे गंगापूर धरणाच्या बाजूला २००० च्या सुमारास सुला कंपनीची वाइनरी उभी राहिली, आणि शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी द्राक्षमळे पाहायला जाऊ लागली. म्हणजे दोन्ही बाजूंना द्राक्षांच्या टेकड्या आणि मध्ये आपले खोरे.

वाइन म्हटली की आपल्यातल्या माळकरी मंडळींच्या कपाळाला आठ्या पडतात, हे आम्हाला ठाऊक आहे. २०२२ साली किराणा मालाच्या मोठ्या दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय सरकारने घेतला, तेव्हा आपल्याच जिल्ह्यातून राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला होता. तेव्हा वाइन बाजूला ठेवा. सायकलवरून आलेल्या माणसाला तहान लागते आणि भूक लागते. त्याला उसाचा ताजा रस द्या, राहात्याचे पेरू द्या, थंडीत हुरडा द्या, पिठले-भाकरी द्या. नाशिकहून पंढरपूरला दरवर्षी सायकलवारी निघते आणि ती आपल्या नगरवरून जाते. सायकल आणि भक्ती यांचे आपल्याकडे वाकडे नाही.

रस्ता राहिला तर

आता खरे बोलू. पाहुणा येईल तेव्हा येईल. त्याच्या आधी रस्ता राहिला पाहिजे, आणि तो आपल्यालाच हवा आहे.

यातल्या कितीतरी वाटा १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी बांधल्या. आपल्याच आई-बापांचे, आजी-आजोबांचे ते हात. आज त्या वाटांचे काय झाले आहे? एकाने बांध कोरला, दुसऱ्याने कुंपण पुढे घेतले, तिसऱ्याने चारीचे पाणी सोडले. जेथून दोन गाड्या सुटत होत्या, तेथे आता एक ट्रॅक्टर अडतो. ऊस तोडून पडतो, ट्रॉली फडापर्यंत जात नाही, मजूर डोक्यावर मोळ्या वाहतात. वजन घटते ते सभासदाचे. त्याच वाटेने वस्तीवरची पोर सायकलने शाळेत जाते; पावसाळ्यात तिची शाळा बुडते. भांडण दोन भावांचे असते, पण त्याचा भुर्दंड सारी वस्ती भरते.

कायदा आपल्या बाजूने आहे. गाव नकाशावर गाडीरस्ता तुटक दुहेरी रेषेने आणि पायवाट तुटक एकेरी रेषेने दाखवलेली असते. तलाठी कार्यालयात जाऊन पाहून घ्यावे. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. शेतात जायला रस्ताच नसेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. २०२१ साली पाणंद रस्त्यांसाठी मातोश्री ग्रामसमृद्धी योजना शासनाने काढली, ती या गरजेपोटीच. पण कज्ज्यापेक्षा पारावरची बैठक स्वस्त पडते, हे आम्ही मुद्दाम सांगतो.

रस्ता टिकवण्याची विद्याही अवघड नाही. काळ्या रानात नुसता मुरूम टाकला तर पहिल्या पावसात तो गिळला जातो; खाली दगड-खडीचा थर हवा. रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता हवा, म्हणजे पाणी थांबत नाही. कडेला गटार, आणि पाणी आडवे येते तेथे नळ्याची मोरी. मुरूम टाकून तसाच सोडू नये. पाणी मारून रोलर फिरवावा. कडेची बाभूळ आणि लिंब तोडू नयेत. सावलीही राहते आणि रस्त्याची हद्दही राहते.

आणखी एक. सायकल चालवायचे दिवस दिवाळी ते होळी, आणि आपला गळीत हंगामही तेव्हाच. रात्री उसाची ट्रॉली दिवा नसताना उभी राहिली, तर मागून येणारा जीव जातो. मग तो परगावचा सायकलवाला असो की आपल्याच गावचा दूधवाला. प्रत्येक गाडी-ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर आणि तांबडे फडके लावल्याशिवाय फड सोडू देऊ नये.

आमची सूचना साधी आहे. पुढच्या हंगामाआधी प्रत्येक गटातल्या सभासदांनी एकत्र बसून आपल्या गटातला एकच रस्ता निवडावा. नकाशा पाहावा, दोन्ही बाजूंच्या खातेदारांना बोलवावे, अतिक्रमण समजुतीने मागे घ्यावे, आणि पाण्याला वाट करून द्यावी. आपल्या जिल्ह्याला २०२४ पासून ज्यांचे नाव मिळाले, त्या चौंडीच्या लेकीने, अहिल्यादेवींनी, देशभर वाटसरूंसाठी घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. आपल्याला तर फक्त आपल्याच शिवारातली वाट मोकळी करायची आहे. तेवढी केली तर पहिला ऊस वेळेवर निघेल आणि पोरे वेळेवर शाळेत पोचतील. मग एखाद्या सकाळी कोणी अनोळखी सायकलवाला बांधावर थांबून रस्ता विचारू लागला, तर आपल्याला अभिमानाने सांगता येईल, "सरळ जा, पुढं नेवाशापर्यंत वाट मोकळी आहे."